स्वतःच्या पायांनी गेलेली फाईल

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच कबूल. एका सकाळी, सात ते अकरा या चार तासांत, कॉम्प्युटरमधली एक फाईल स्वतःच्या पायांनी घर सोडून गेली, मग पश्चात्ताप होऊन परत आली, आणि आपली इथे कुणाला गरज दिसत नाही असं पाहून पुन्हा निघून गेली. कुणी हात लावला नाही, कुणी ढकललं नाही. ज्या घरात हे घडलं तिथली माणसं अजून धडधाकट आहेत. हवं तर त्यांना विचारावं. फक्त एकेकट्याला गाठून विचारावं, सगळ्यांना एकदम नको.

घर होतं सासऱ्यांचं आणि अडचणीत होता जावई.

जावई वेबसाईट बनवायचा. कामात हुशार, पण काम समजावून सांगायला बसला की ऐकणाऱ्याला आपण पुन्हा चौथीत बसलोय असं वाटायचं. तीन महिन्यांपूर्वी त्याने नोकरी सोडली होती. "स्वतःचं काहीतरी करतो," म्हणाला. साहेबांनी निरोप देताना पाठीवर हात ठेवून सांगितलं, "तुझी खुर्ची कुणाला देत नाही. येशीलच तू." तो हात जावयाला अजून पाठीवर जाणवायचा.

या तीन महिन्यांत मोठं म्हणावं असं एकच काम हाती आलं, दातांच्या डॉक्टरीणबाईंची वेबसाईट. तेही सासऱ्यांच्या पुण्याईने. सासूबाई कवळी बसवून घेत होत्या तेव्हा सासरे खुर्चीशेजारी उभे राहून बाईंना म्हणाले, "आमचे जावई करतील तुमची वेबसाईट. शब्द देतो." सासूबाईंनाही काही म्हणायचं होतं, पण त्यांच्या तोंडात बाईंचे दोन्ही हात होते. बाईंचे एकूण सहा दवाखाने. एका दवाखान्याची साईट नीट चालली तर उरलेल्या पाचांचं कामही जावयाचंच, असं ठरलं.

साईट सुरू होणार होती सकाळी नऊला आणि बाई निकाल देणार होत्या अकराला. त्या दिवशी जावई सासरीच होता, कारण त्याच्या घरातली फरशी उखडलेली आणि नवराबायको पंधरा दिवस इकडे मुक्कामाला. लेक ऑफिसला निघाली. चपला घालता घालता नवऱ्याला म्हणाली, "आज जमलं तर छानच. नाही जमलं तर सोमवारी तुझ्या साहेबांना फोन कर. मी रागाने नाही म्हणत."

"कळलं."

"खरंच रागाने नाही म्हणत."

"म्हणूनच तर धडकी भरते," जावई म्हणाला.

आता सासऱ्यांविषयी थोडं सांगायला हवं. सासरे म्हणजे देवमाणूस. चौतीस वर्षं सरकारी रेकॉर्ड रूममध्ये काढली, पण कधी एक कागद इकडचा तिकडे झाला नाही. एकोणीस वर्षं हरवलेला एक नकाशा त्यांनी डोळे मिटून, नुसत्या वासावरून काढून दिला होता. त्या खात्यातले लोक अजून त्यांचं नाव काढतात, म्हणजे काढत असणार. निवृत्तीनंतर त्यांनी हीच शिस्त घराला लावली. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर पाटी आणि क्रमांक. साखर, गोड पदार्थ, क्रमांक दोन. मीठ, क्रमांक तीन. ज्या वस्तूला धड कुठलीच जागा नाही, म्हणजे सुतळी, कुलूप नसलेली किल्ली, सेल नसलेली बॅटरी, ती खालच्या खणात. त्या खणावर पाटी होती 'संकीर्ण'. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "मी उभी असते ना, तेव्हा जरा हलत राहते. स्थिर राहिले की पाटी लावतील."

हॉलमध्ये सासऱ्यांचा जुना कॉम्प्युटर होता. त्यावर ते रोज सकाळी पत्त्यांचा पेशन्स खेळायचे. जावयाने मुक्कामाला आल्या आल्या आपला लॅपटॉप आणि हा कॉम्प्युटर एकमेकांना जोडून टाकले. लॅपटॉप बिघडलाच तर सगळ्या फायली इकडेही असाव्यात, असा दूरदर्शी विचार. इकडची फाईल हलली की तिकडची हलायची, आणि दोन मिनिटांत ती बातमी थेट वेबसाईटवर पोचायची. जावई याला सोय म्हणायचा.

त्या सकाळी सात वाजता सासरे पेशन्स खेळत बसले होते. कॉम्प्युटरला त्यांनी हातही लावला नव्हता. म्हणजे माऊसला लावला होता, तेवढाच. डाव अडकला म्हणून त्यांनी पडद्यावरची खेळाची खिडकी बंद केली, तर मागे जावयाच्या फायली दिसल्या. चाळीस फायली एकाच जागी मोकळ्या पडलेल्या! ना गठ्ठा, ना क्रमांक, ना तारीख. त्यातल्या एका फाईलचं नाव होतं नुसतं 'कामं'. कसली कामं, कुणाची कामं, कधीची कामं, काही पत्ता नाही. अशी फाईल उघड्यावर बघून कुठल्याही सज्जन माणसाला भडभडून येईल. सासऱ्यांना आलं.

आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती फाईल उठली आणि चालू लागली.

बाकीच्या एकोणचाळीसही तिच्या मागोमाग निघाल्या असत्या, पण तेवढ्यात सासूबाईंनी चहाला हाक मारली, म्हणून त्या थांबल्या.

नऊ वाजता साईट सुरू झाली. नऊ वाजून सहा मिनिटांनी पहिला पेशंट आला. हा फुटबॉलचा रेफरी होता. खालची उजवी दाढ इतकी ठणकत होती की दोन सामन्यांत त्याला शिट्टी वाजवता आली नव्हती, नुसते हातवारे करून त्याने फाऊल दिले होते. त्याने नाव लिहिलं, वेळ निवडली, बटण दाबलं. आता खरं म्हणजे साईटने त्याला पुढच्या पानावर न्यायचं, आणि त्या पानावर 'आभारी आहोत, तुमची वेळ ठरली' असं दिसायचं. नाव तिकडे नोंदलं गेलं, पण इकडे आलं एक पांढरंफटक पान आणि त्यावर इंग्रजीतली एक तिरसट ओळ. रेफरीने परत मागे जाऊन पुढची वेळ निवडली, बटण दाबलं. पुन्हा पांढरं पान. दाढ दुखणारा माणूस किती वेळा बटण दाबतो, हे ज्याची दुखली त्यालाच ठाऊक.

नऊ वीसला डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"अहो, तुमची साईट जोरात चालली आहे," बाई म्हणाल्या. जावई फुलला. "चौदा पेशंट झालेत. चौदाही जणांचं नाव एकच, फोन एकच आणि चौदा जणांची दाढही एकच. मला दुपारी चारपर्यंत दुसऱ्या कुणाला घेता येत नाहीये. जरा बघता का?"

जावयाने पान उघडलं, बटण दाबलं आणि ती तिरसट ओळ वाचली. त्याचा चेहरा उतरलेला पाहून सासूबाई वाटाण्याच्या शेंगांचं ताट घेऊन शेजारी येऊन बसल्या.

"काय म्हणतंय ते?"

"अनडिफाइन्ड फंक्शन म्हणतंय, आई. म्हणजे पेशंटला पुढच्या पानावर न्यायचं एक ठरावीक काम असतं. त्या कामाला मी नाव दिलंय, 'पुढे पाठव'. बटण दाबलं की कॉम्प्युटरला मी सांगतो, 'पुढे पाठव'. आता तो म्हणतोय, हे 'पुढे पाठव' म्हणजे काय, ते मला कुणी शिकवलेलंच नाही."

"हात्तिच्या. म्हणजे नवीन कामवालीला आल्या आल्या 'रोजच्यासारखं आवर' म्हणायचं, तसं. तिला काय माहीत तुमचं रोजचं कसं असतं?"

चार वर्षं कॉलेजात जावयाला हे कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

"पण मी शिकवलंय ना त्याला! 'कामं' म्हणून फाईल आहे, त्यात सगळं लिहून ठेवलंय. प्रत्येक पानाच्या माथ्यावर सांगितलंय, आधी ती फाईल वाचून ये. आणि फाईल ही काय, समोर आहे!"

फाईल खरंच समोर होती. आदल्या संध्याकाळी त्याने ती लॅपटॉपवर उघडली होती आणि तेव्हापासून मिटलीच नव्हती. घर सोडून गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर असावा, तशी ती पडद्यावर हसत होती. मूळ फाईल जागेवर नसेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही.

"ती फाईल सापडली नाही तर हा सांगत नाही का?" सासूबाईंनी विचारलं.

"सांगतो. आधी इशारा देतो. पण ते इशारे मी बंद करून ठेवलेत. बारीकसारीक गोष्टींवरून सारखं टोकत बसतो."

"अगंबाई," सासूबाई शेंगेला म्हणाल्या, "म्हणजे त्यालाही टोकायची सोय नाही."

हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यात सासरे पेशन्स खेळत होते. 'फाईल' हा शब्द ऐकून त्यांच्या हातातली राणी राजावर न बसता भलतीकडेच गेली.

जावई आता इरेला पेटला. "बरं. त्या फाईलमधलं वाचायचं नाही ना तुला? नको वाचू. मी प्रत्येक पानावरच लिहून देतो." साईटची पानं होती अकरा. त्याने 'पुढे पाठव' म्हणजे काय ते अकराही पानांवर पुन्हा पहिल्यापासून लिहून काढलं. घाम पुसला, बटण दाबलं. 'आभारी आहोत' आलं! सासूबाईंनी मूठभर सोललेले वाटाणे त्याच्या हातावर ठेवले.

पण सगळं सरळ चाललं की सज्जन माणसाचं मन त्याला खातं, तसंच फाईलचंही असावं. इकडे जावई घाम पुसत होता आणि तिकडे फाईलला वाटलं, आपल्यामुळे एवढा गोंधळ झाला, आपण मुकाट्याने घरी जावं. चोरपावलांनी ती आली आणि होती तिथे जाऊन बसली. सासरे तेव्हा खिडकीबाहेर बघत होते. हात माऊसवर होता, पण बघत होते बाहेर.

दोन मिनिटांनी जावयाने सहज बटण दाबून पाहिलं आणि त्याच्या तोंडातला वाटाणा तोंडातच राहिला.

"आता काय म्हणतंय?"

"आता म्हणतंय, 'पुढे पाठव' नावाचं एक आधीच आहे. त्याच नावाचं दुसरं चालणार नाही."

"मघाशी एकही नव्हतं ना?"

"नव्हतं."

"आणि आता दोन?"

"दोन."

"कोण देतंय जन्म?" सासूबाई म्हणाल्या आणि कशी कोण जाणे, त्यांची नजर हॉलच्या कोपऱ्याकडे गेली. सासऱ्यांना एकदम खोकला आला.

फोन वाजला. बाई आता 'अहो'वरून 'हे बघा'वर आल्या होत्या. "हे बघा, एकोणीस झालेत. एकोणीस वेळा मी त्याच माणसाची तीच दाढ बघणार आहे. दाढ काढून झाल्यावर उरलेल्या अठरा वेळा आम्ही दोघांनी काय करायचं? गप्पा मारायच्या? अकराला वेबसाईट बनवणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीचा फोन येणार आहे माझ्याकडे. तोपर्यंत सांगा."

साडेदहा झाले होते. जावयाने अकराही पानांवरचं लिखाण पुसायला घेतलं. घाई इतकी की एका पानावर त्याने चुकून आपलंच आडनाव पुसलं. पुसता पुसता तो स्वतःशीच मोठमोठ्याने बोलत होता, आणि ते मात्र साऱ्या हॉलला ऐकू जात होतं. "दोन झालेत! एकच पाहिजे! एक गेलंच पाहिजे इथून!"

हे कानावर पडल्यावर कुठल्याही मानी फाईलने काय केलं असतं? जी कालपर्यंत घरची होती, तिच्यासमोर असं बोलायचं? ती उठली, आणि कुणालाही ओझं नको म्हणून पुन्हा आल्या वाटेने निघून गेली. सासरे म्हणे तेव्हा डोळे मिटून बसले होते. माऊसचा 'टक्' असा आवाज आला, तो त्यांच्या गुडघ्याचा.

म्हणजे इकडे जावयाने पानांवरचं पुसलं आणि तिकडे फाईलही गेली. दोनाचं एक व्हायचं, ते शून्य झालं. पावणेअकराला जावयाने बटण दाबलं आणि पहिली ओळ जशीच्या तशी परत आली. 'पुढे पाठव' म्हणजे काय, ते मला कुणी शिकवलेलंच नाही.

जावयाने लॅपटॉप हळूच पुढे सरकवला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले.

"आई, मला वाटतं मला हे येतच नाही," तो म्हणाला. "सोमवारी कशाला, आत्ताच करतो साहेबांना फोन. तोंडघशी पडायचंच आहे तर जरा लवकर. पण आधी बाईंना कळवतो, जमत नाही म्हणून."

त्याने फोन उचलला. सासूबाईंनी शेंगा सोलायच्या थांबवल्या. त्या जावयाकडे बघत नव्हत्या. त्या कोपऱ्याकडे बघत होत्या, आणि साध्या नजरेने बघत नव्हत्या. बत्तीस वर्षांच्या संसारात ती नजर सासऱ्यांनी फक्त दोनदा पाहिली होती. त्या दोन्ही वेळची कथा सांगण्यासारखी नाही.

आणि इथे, ऐकणाऱ्यांनो, त्या थोर माणसाची थोरवी दिसते. सासरे उठले. त्यांनी पेशन्सचा डाव, जवळजवळ सुटलेला डाव, तसाच टाकला. शांतपणे जावयाच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चौतीस वर्षांचा अनुभव नाकात होता. त्यांनी हवेत एकदा वास घेतला.

"जावईबापू, फोन खाली ठेवा. एकदा संकीर्णात बघा."

"स्वयंपाकघरातल्या?"

"नाही हो. तुमच्या फायलींत. माझं मन सांगतंय. काही वस्तू स्वतःच जाऊन संकीर्णात बसतात. त्यांचा स्वभावच तो."

बुडत्याला हे असं सांगितलं की तो बघतो. जावयाने चष्मा लावला, फायलींची यादी उघडली, खाली खाली गेला. आणि खरोखरच तळाशी एक फोल्डर होतं, जे त्याने जन्मात कधी केलं नव्हतं. 'संकीर्ण, गठ्ठा क्रमांक ४.' त्यात एकटी, पाय दुमडून, 'कामं' बसली होती. जावयाने त्या फोल्डरच्या नावाकडे पाहिलं. मग मान वळवून बराच वेळ सासऱ्यांकडे पाहिलं. मग फाईल उचलून जागेवर ठेवली. जाता जाता त्याने बंद केलेले इशारेही सुरू केले. हुशार माणूस, उगाच नाही म्हणत.

दहा अठ्ठावन्नला रेफरीने चोविसाव्यांदा बटण दाबलं, आणि त्याच्यासमोर आलं, 'आभारी आहोत, तुमची वेळ ठरली.' म्हणतात की तो रडला. पण ते दाढेमुळेही असेल.

अकराला बाईंनी स्वतः साईट उघडली, स्वतःचं नाव टाकलं, बटण दाबलं आणि पुढच्या पानावर जाऊन पोचल्या. जावयाने तोवर रेफरीच्या जादा तेवीस वेळा पुसून टाकल्या होत्या. बाईंनी दुसऱ्या कंपनीचा फोन घेतलाच नाही. साडेअकराला दाढ निघाली. रविवारच्या सामन्यात रेफरीने अशी काही शिट्टी फुंकली की शेजारच्या मैदानावरचा सामनासुद्धा थांबला. आज सहाही दवाखान्यांच्या साईट जावयाकडे आहेत, जुन्या साहेबांनी ती खुर्ची शेवटी दुसऱ्याला दिली, आणि आजही कुठली फाईल सापडेनाशी झाली की तो आधी सासऱ्यांना विचारतो. असा सासरा नशिबात असावा लागतो. त्या घराला त्या दिवशी वाचवलं ते चौतीस वर्षांच्या...

"एक मिनिट," टेबलाच्या त्या टोकाकडून लेकीचा आवाज आला.

सहा महिन्यांत ही गोष्ट तिच्यासमोर पहिल्यांदाच सांगितली जात होती. पाहुण्यांनी माना वळवल्या. जावई आपल्या ताटात काहीतरी फार महत्त्वाचं शोधायला लागला, आणि सासूबाई मात्र खुर्ची थोडी पुढे ओढून आरामात बसल्या.

"फाईल चालत गेली, मान्य," लेक म्हणाली. "रुसली, परत आली, पुन्हा गेली, तेही मान्य. पण जाऊन जिथे बसली, तिथे 'संकीर्ण, गठ्ठा क्रमांक ४' अशी पाटी कुणी लावली, बाबा?"